वाटेवरचं माणूस

आमच्या घरात शांतता पसरली की लाईट गेली असं समजायचं. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीला लागून आमची चाळ, आणि गल्लीच्या तोंडाशीच टॉवेलच्या कारखान्याची शेड. दिवसपाळी असो, रात्रपाळी असो, माग खटखटतच असायचे. ते थांबले की मग कळायचं की आमच्या कुकरची शिट्टी किती मोठी वाजते, आणि शेजारच्या लक्ष्मीअक्का नवऱ्याला तेलुगूत काय काय ऐकवतात. अप्पा, म्हणजे माझे वडील, त्याच शेडमध्ये मागावर होते. इतक्या वर्षांच्या खटखटाटात त्यांचे दोन्ही कान गेल्यात जमा होते, त्यामुळे आमच्याकडे सगळं ओरडून बोलायची पद्धत. मायेचं बोलणंसुद्धा ओरडूनच. नवीन माणसाला वाटायचं, काय भांडकुदळ लोक आहेत! तसे होतोच म्हणा थोडे. मी जरा जास्तच.

आई सांगोल्याकडची, माळावरच्या मेंढरं राखणाऱ्या घरातली. तिच्या माहेरी एक रीत होती. मेंढरांमागं गेलेला माणूस दिवस मावळायला परत येईपर्यंत घरातली बाई घास तोंडात घालायची नाही. वाटेवर माणूस असताना आपण गिळलं तर त्याच्या पायातलं बळ जातं, अशी त्यांची समजूत. माझी आजी असं करायची, तिची सासू असं करायची. आई ही गोष्ट हसत हसत सांगायची, भाकरी थापता थापता, आणि मीही हसत ऐकायचे. आता हे लिहितानाही मला माझा राग येतो. मला हे सगळं माहीत होतं. आईला साखरेचा आजार आहे, ती सकाळी उठल्या उठल्या गोळी घेते आणि गोळीनंतर अर्ध्या तासात काहीतरी खायला हवं, हेही माहीत होतं. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात होत्या. त्या डोक्यात मी त्या कधी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत.

पोहायला मी आजोळच्या विहिरीत शिकले, मामानं पाठीला रिकामा डबा बांधून ढकलून दिलं तेव्हा. पळायचं वेड शाळेपासून. आणि बारावीनंतर चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पॅकिंगला लागले तेव्हा, शहराच्या या टोकापासून त्या टोकाच्याही पुढं, रोज सायकलनं जाऊ-येऊ लागले. रस्त्यात सकाळी सकाळी रंगीत कपडे घातलेले शहरातले सायकलवाले भेटायचे. त्यांतल्या एका डॉक्टरांनी माझी ती जड, मडगार्ड वाजणारी सायकल आपल्या पुढं गेलेली पाहिली आणि दुसऱ्या आठवड्यात स्वतःची जुनी रेसिंगची सायकल मला देऊन टाकली. त्यांच्याकडूनच मी पहिल्यांदा त्या शर्यतीबद्दल ऐकलं. आधी पावणेचार किलोमीटर पोहायचं, मग एकशेऐंशी किलोमीटर सायकल, आणि उतरलं की बेचाळीस किलोमीटर पळायचं. ट्रायथलॉन. मी घरी येऊन अप्पांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं. अप्पा म्हणाले, "कोण पाठीमागं लागतंय का?" आई पिठाचे हात तसेच धरून बघत राहिली.

"तिन्ही येकाच दिशी?" तिनं विचारलं.

"व्हय."

"का? दुसऱ्या दिशी तेन्ला सुट्टी न्हाय?"

आम्ही तिघंही खूप हसलो. त्या वर्षी आम्ही बरंच हसलो, हे मला मुद्दाम लिहून ठेवायचं आहे. पुढचं सांगताना ते राहून जाईल.

एवढ्या लांबच्या श्रमाला पाय जितके लागतात तितकंच पोट लागतं. शहरातले लोक वाटेत खायला जेलच्या पुड्या आणत. डॉक्टरांनी मला दोन दिल्या. आईनं एक फोडून बोटावर घेतली, चाटली आणि तोंड असं केलं की बस्स. "ह्ये काय गं शेंबडावाणी! ह्ये खाऊन कुणाच्या पायात बळ यील?" दुसऱ्या पुडीला मी हात लावायच्या आत ती मोरीत गेली. त्या दिवसापासून माझं खाणं तिनं हातात घेतलं. आई चौथी शिकलेली. पण तासाला किती गोड पोटात जायला पाहिजे, किती मीठ, किती पाणी, हे मी डॉक्टरांकडून ऐकून येऊन सांगायचे आणि ती ते आपल्या मापात बसवायची. मूठ, चिमूट, वाटी. बटाटे उकडून, मीठ-जिरं लावून. शेंगाची पोळी, भरपूर गुळाची, एकीचे सहा तुकडे. राजगिरा, खजूर आणि भाजलेल्या शेंगदाण्यांचे लाडू, बोराएवढे, म्हणजे सायकल चालवताना एका घासात जातील. बाटलीत चिंच, गूळ आणि मीठ घातलेलं पाणी. आदल्या संध्याकाळी हुलग्याचं माडगं, गरम गरम, वरून लसणाची फोडणी, ते प्यायल्यावर मला अंगात कुणीतरी शेगडी पेटवल्यासारखं वाटायचं. कारखान्यातल्या बाद टॉवेलांचा तिनं मला कमरेला बांधायचा पट्टा शिवला, त्याला खिसे. डावीकडून पहिला खिसा बटाट्याचा, मग पोळी, मग लाडू, शेवटी गुळाचे खडे. घड्याळ दर चाळीस मिनिटांनी वाजायचं आणि मी पुढच्या खिशात हात घालायचे. मला भूक लागायच्या आधी मी खाल्लेलं असायचं.

हल्ली माझ्याकडं पोहायला शिकायला येणाऱ्या मुली पाठीवर कसल्या कसल्या पावडरींचे डबे घेऊन येतात. मी काही बोलत नाही. बोलायला लागले की थांबत नाही, म्हणून.

रविवार लांब पल्ल्याचा. आई पहाटेच उठून स्टो पेटवायची, शेंगदाण्याच्या खरपूस वासानं मला जाग यायची. मी खाऊन-पिऊन, पट्टा बांधून, हेल्मेट घालून निघायचे. आई गल्लीच्या तोंडापर्यंत यायची आणि पाठीवर थाप मारायची, जनावराला हाकताना मारतात तशी. परतायला आधी दहा वाजायचे, मग बारा, मग एक. आल्यावर आम्ही दोघी जेवायला बसायचो. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही, कांदा. आई माझ्या बरोबरीनं, कधी माझ्यापेक्षा जास्त जेवायची, अगदी भराभर. मला ते फार आवडायचं. वाटायचं, सोबत म्हणून बसते. एकदाच, फक्त एकदाच, मी विचारलं होतं, "आई, तू सकाळी काही खाल्लंस का?" ती म्हणाली, "माजं झालं की कवाच. तू जेव." मी जेवले. दुसऱ्यांदा विचारावंसं वाटलं नाही. त्या वयात मला माझ्या पोटापलीकडं काही दिसत नव्हतं. सहा महिने मी स्वतःचा घास न् घास वहीत लिहीत होते.

शर्यत तीन आठवड्यांवर आली तेव्हा उन्हाळा लागला होता. शेवटचा मोठा रविवार. करकंबपर्यंत जाऊन परत यायचं, की एकशेऐंशी किलोमीटरच्या आसपास होतात, आणि मग घरी येऊन झोपायचं, असं ठरलं होतं. मोहोळच्या पुढं ऊन चढलं. करकंबात बाजाराच्या कडेला पाच मिनिटं थांबून बाटल्या भरल्या. उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं धूळ खात परत फिरले, आणि काय झालं कुणास ठाऊक, त्या दिवशी पाय थकायलाच तयार नव्हते. चिंचोळीजवळ आले तरी मी गाणं म्हणत होते. असा दिवस शर्यत करणाऱ्याच्या आयुष्यात एखादाच येतो. शहर पार करून एमआयडीसीत शिरले तेव्हा एक वाजला होता. मनात आलं, आत्ताच्या आत्ता पळून बघू. सायकलवरून उतरल्यावर पाय पळतात का, हेच तर बघायचं होतं. घरी गेले असते तर आईनं हात धरून पाटावर बसवलं असतं. म्हणून मी घरी गेलेच नाही. सायकल शेडच्या वॉचमनकडं लावली, पळायचे बूट होतेच त्याच्याकडं ठेवलेले, आणि पळायला लागले. एमआयडीसीच्या रस्त्यांनी चार किलोमीटरची फेरी. पाच फेऱ्या. प्रत्येक फेरीच्या सुरुवातीलाच आमच्या गल्लीचं तोंड लागायचं, आणि तिथून आमचं दार सरळ दिसायचं.

पहिल्या फेरीला आई दारात उभी होती. तिला मी दिसले. तिनं पेला उंच करून दाखवला. मी हातानंच 'आले, आले' केलं आणि ओरडले, "एवढं पळून येते!" दुसऱ्या फेरीला ती पायरीवर बसली होती. मला बघून तिनं हात वर केला. तिसऱ्या फेरीला तिचं डोकं चौकटीला टेकलेलं होतं. मी हात केला. तिनं केला नाही. मला वाटलं, रुसली. किंवा डुलकी लागली. त्याच वेळी घड्याळ वाजलं, मी पट्ट्यात हात घातला आणि लाडू तोंडात टाकला. तो चावत चावत मी तिच्या समोरून पुढं गेले. चौथ्या फेरीला मी गल्लीकडं बघितलंच नाही, वेळ बघत होते. पाचव्या फेरीला बघितलं. ती तशीच होती.

हे मी आजपर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही. अप्पांनाही नाही. अप्पा गेले तेव्हाही नाही. म्हणून इथं फेरीवार लिहिलं.

मी शेवटची फेरी संपवून घड्याळ बंद केलं. मनासारखी वेळ आली होती. हसत हसत गल्लीत शिरले, "आई, अगं ऐक तरी," म्हणत. तिचं अंग घामानं ओलंचिंब आणि गार होतं, आणि दातखीळ बसली होती. मी किंचाळले. लक्ष्मीअक्का धावत आल्या. "अय्यो, ऊन लागलं गं पोरी! मला वाटलं झोप लागली बाईला!" त्यांनी कांदा फोडून तिच्या तळपायाला चोळला, मी डोक्यावर पाणी मारत राहिले. सोलापुरात उन्हाळ्यात माणूस पडलं की ऊन लागलं, दुसरं काही कुणाच्या डोक्यातच येत नाही. माझ्या पट्ट्याच्या शेवटच्या खिशात गूळ शिल्लक होता. तो तिच्या हिरड्यांना लावावा, हे मला सुचलं नाही. घासाघासाचा हिशोब ठेवणारी मी! शेवटी वॉचमननं अप्पांना मागावरून ओढून आणलं आणि रिक्षातून आम्ही दवाखान्यात पोचलो.

तिथल्या डॉक्टर तरुण होत्या. बोटाला सुई टोचून त्यांनी साखर बघितली, ती पार तळाला गेली होती. सलाईन लावता लावता त्यांनी मला विचारलं, "यांनी शेवटचं कधी खाल्लं?"

करकंबात मी काय खाल्लं ते मला सांगता आलं असतं. मोहोळात काय खाल्लं तेही.

अप्पांना प्रश्न ऐकू आला नव्हता. मी त्यांच्या कानात ओरडले. ते म्हणाले, "काल रात्री."

"गोळी घेऊन काल रात्रीपासून उपाशी?" डॉक्टर म्हणाल्या.

"रविवारी न्हाय खात ती," अप्पा म्हणाले. "पोरगी आल्याबिगर न्हाय खात. किती महिनं झालं." मग माझ्याकडं वळून, त्यांच्या मोठ्या आवाजात, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं विचारलं, "रुपे, तुला ठावं हुतं न्हवं?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच वाटत होतं की मला माहीत असणार, आणि माय-लेकींनी मिळून काहीतरी ठरवलं असणार. मी मान हलवली. हो की नाही, ते मलाही कळलं नाही.

"बेशुद्ध होऊन किती वेळ झाला?" डॉक्टरांनी विचारलं. "नक्की सांगा, त्यावरच सगळं आहे."

"आत्ताच," मी म्हणाले. "मी आले तेव्हा नुकतीच पडली होती."

बारा किलोमीटर. तास-सव्वा तास. पुढं कित्येक वर्षांनी मी दुसऱ्या एका डॉक्टरांना, दुसऱ्याच कुणाची गोष्ट म्हणून, विचारलं. त्या म्हणाल्या, खरं सांगितलं असतं तरी उपचार तेच झाले असते. मला त्यानं काही बरं वाटलं नाही. तिसऱ्या फेरीला थांबले असते तर उपचारांची पाळीच आली नसती, हे त्यांना कुठं माहीत होतं.

आई जगली. अकरा दिवसांनी घरी आली. चालायची, स्वतःच्या हातानं वेणी घालायची, मागांचा आवाज थांबला की दचकायची. पण डोक्याला साखर न मिळाल्यानं ओळख गेली होती. अप्पांना ती 'अहो दादा' म्हणायला लागली, अप्पा ते ऐकू न आल्यासारखं करायचे. मला ती कुणीतरी शेजारची बाई समजायची, आणि फार आदरानं वागायची. त्या आदरानं मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. नोकरी मी सोडली. शर्यतीचा दिवस आला न् गेला, त्या दिवशी मी आईचे कपडे धुतले एवढं आठवतं.

घरी आणल्यावर पहिल्याच दुपारी मी मऊ पेज घेऊन तिच्यापुढं बसले. तिनं ओठ घट्ट मिटले.

"खा ना आई. थोडंसं."

"तुमी जेवा," ती हात जोडून म्हणाली. "माजं ऱ्हाऊ द्या. माजी पोरगी सायकलवर गेलीया."

"आले की गं मी. ही बघ. रुपा."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं, आणि दाराकडं मान वळवली. "लई लांब गेलीया आज," म्हणाली. "आल्यावर जेवीन."

मी विनवलं, रडले, शेवटी ओरडले. संध्याकाळपर्यंत तिच्या पोटात काही नाही, आणि डॉक्टरांनी बजावलेलं, की आता एक वेळही चुकवायची नाही. लक्ष्मीअक्कांनी करून बघितलं, त्यांनाही तेच हात जोडणं. अप्पा कोपऱ्यात बसून हे सगळं बघत होते. ते उठले, बाहेर गेले, आणि शेडमधून माझी सायकल घेऊन आले. दारात उभी केली. हेल्मेट माझ्या हातात दिलं.

मी समजले. हेल्मेट घातलं, सायकल काढली, गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि परत आले. दारात उतरले. आईचा चेहरा एकदम उजळला. "आली का?" ती म्हणाली. "बरं झालं. लई दमली आसशील, बस." आणि तिनं पेजेची वाटी स्वतःच पुढं ओढली.

मग रोज तेच. सकाळी, दुपारी, रात्री. पावसात, थंडीत, ताप असला तरी. गल्लीतली पोरं सुरुवातीला हसायची, मग रस्ता सोडून उभी राहायला लागली. दोन वर्षं आणि वर काही महिने मी दिवसातून तीन वेळा गल्लीच्या तोंडापर्यंत सायकल चालवली, आणि प्रत्येक वेळी आई तेवढंच म्हणायची, "आली का? बरं झालं." हेल्मेट काढलं की थोड्या वेळानं मी पुन्हा शेजारची बाई. नावानं तिनं मला कधी हाक मारली नाही.

ती ज्या दिवशी गेली त्या दिवशी सकाळी तिला उठून बसवत नव्हतं. अप्पांनी पाठीला उशी लावून टेकवलं. मी जाऊन आले, दारात सायकल लावली, हेल्मेट तसंच ठेवून तिच्याजवळ जाऊन बसले. "आले गं आई," म्हणाले. तिनं माझ्याकडं बघितलं. रोजचं वाक्य आलं नाही.

"लई येळ लावलास गं, रुपे," ती म्हणाली.

मी चमचा पुढं केला, आणि तिनं तोंड उघडलं.